वैर, विनोद आणि निवाडा : एका लोकप्रिय कथाप्रकाराचा नैतिक विचार

१

पहिल्याच भेटीत एकमेकांविषयी अढी बसावी, पुढच्या प्रत्येक भेटीत शब्दांची चकमक झडावी आणि अखेरीस त्याच दोघांनी परस्परांचा स्वीकार करावा, हा साचा इंग्रजी लोकप्रिय कादंबरीत, विशेषतः ऐतिहासिक प्रणयकादंबरीत, चांगलाच रुळलेला आहे. अशा कादंबरीचा वाचक शेवट जाणूनच पहिले पान उलटतो. नायक कोण आणि नायिका कोण हे ओळखायलाही त्याला वेळ लागत नाही; जे दोघे एकमेकांचा सर्वाधिक पाणउतारा करतात, तेच ते. तेव्हा या कथेचे आकर्षण 'पुढे काय होणार' या कुतूहलात नाही, हे उघड आहे. वैर विरघळण्याची प्रक्रिया पाहण्यात ते आहे. आणि ही प्रक्रिया विनोदाच्या आश्रयाने घडते, हे त्या आकर्षणाचे दुसरे अंग आहे.

समीक्षेने या कथाप्रकाराकडे प्रामुख्याने दोन रीतींनी पाहिले आहे. निव्वळ रंजन म्हणून त्याची उपेक्षा करणे ही पहिली रीत. पुरुषसत्तेने स्त्रीवाचकाला चारलेली साखरेत घोळलेली गोळी म्हणून त्याचा निषेध करणे ही दुसरी. दोन्ही भूमिकांना आधार नाही असे नाही. परंतु दोन्हींतून एक प्रश्न निसटतो. तिरस्कार हा केवळ एक भाव नसतो. तो एक निवाडाही असतो. 'हा मनुष्य उर्मट आहे', 'ही बाई पैशासाठी लग्न करू पाहते आहे', 'याने माझ्या बहिणीचा घात केला', अशी विधाने तिरस्काराच्या पोटात असतात, आणि विधाने खरी किंवा खोटी असू शकतात. भाव बदलला तर त्याच्या पोटातल्या निवाड्याचे काय झाले, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

या प्रश्नाची तीन उत्तरे संभवतात. निवाडा मुळातच चुकीचा होता आणि तो दुरुस्त झाला, हे पहिले. निवाडा बरोबर होता, परंतु ज्याच्याविरुद्ध तो दिला गेला तो मनुष्य बदलला, हे दुसरे. तिसरी शक्यता अशी की, निवाडा बरोबर होता, मनुष्यही बदलला नाही, फक्त निवाड्याचा विसर पडला. पहिल्या दोन प्रकारांत वैराचे प्रीतीत होणारे रूपांतर नैतिकदृष्ट्या निर्मळ आहे. शंकेला जागा आहे ती तिसऱ्या प्रकारात. आणि विनोद हे असे साधन आहे की ज्याच्या बळावर तिसरा प्रकार बेमालूमपणे पहिल्यासारखा भासवता येतो. या कथाप्रकाराच्या मोहिनीचा नैतिक विचार करावयाचा तर विनोदाच्या या दुहेरी सामर्थ्याचा विचार करणे भाग आहे.

२

या साच्याची कुळी जुनी आहे. शेक्सपिअरच्या नाटकांत त्याची दोन परस्परविरोधी रूपे शेजारी शेजारी आढळतात. 'द टेमिंग ऑफ द श्रू'मध्ये वैराचा शेवट एका पक्षाच्या शरणागतीने होतो. नायिकेची उपासमार करून, तिची झोप मोडून, तिला थट्टेचा विषय करून नमवले जाते आणि प्रेक्षकांनी हसावे अशी अपेक्षा असते. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांच्या 'त्राटिका' या रूपांतराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेच हसू मराठी रंगभूमीवर आणले. रूपांतरकाराने नायिकेसाठी ताटकेचे राक्षसी नाव योजले, यातच तिच्या संतापाविषयीचा निवाडा आगाऊ देऊन टाकलेला आहे. ज्या स्त्रीचे नावच त्राटिका, तिच्या रागाला कारण असू शकेल असा संशयही प्रेक्षकाला येण्याचे कारण उरत नाही.

'मच अडू अबाउट नथिंग'मधील बिअॅट्रिस आणि बेनेडिक यांची रीत निराळी आहे. त्यांची जुंपते ती बरोबरीच्या नात्याने. परंतु या नाटकातील खरा निर्णायक क्षण त्यांच्या कोट्यांत नाही. भर विवाहप्रसंगी हिरोवर व्यभिचाराचा खोटा आळ घातला जातो तेव्हा हसणे थांबते. आळ घेणाऱ्या क्लॉडिओला ठार कर, अशी मागणी बिअॅट्रिस आपल्यावर नुकतेच प्रेम व्यक्त केलेल्या बेनेडिककडे करते. बेनेडिक प्रथम कचरतो, मग तिच्या निवाड्यावर विश्वास ठेवून आपल्याच मित्राला द्वंद्वाचे आव्हान देतो. जिची जीभ तिखट म्हणून सर्वजण हसत आले, तिचा राग येथे पुरावा म्हणून स्वीकारला जातो. प्रीती सिद्ध होते ती या स्वीकारात.

जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) या कादंबरीने या साच्याला जे दिले ते म्हणजे निवाड्याची फोड. डार्सीची पहिली मागणी झिडकारताना एलिझाबेथ त्याच्यावर तीन आरोप ठेवते: त्याने विकमवर अन्याय केला, त्याने जेन आणि बिंगली यांची ताटातूट केली, आणि त्याचे वागणे सभ्य माणसाला न शोभणारे आहे. डार्सीच्या पत्रानंतर यातील पहिला आरोप कोसळतो. दुसरा वस्तुस्थिती म्हणून उभाच राहतो. फक्त त्यामागील हेतू स्पष्ट होतो. तिसरा तर पूर्णपणे खरा ठरतो, आणि डार्सी तो मान्य करून आपले वागणे बदलतो. बिंगलीच्या बाबतीत केलेली चूकही तो निस्तरतो. म्हणजे येथे पहिला आणि दुसरा असे दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. काही निवाडे मागे घेतले जातात, काहींची अंमलबजावणी होते, आणि विसरले मात्र काहीच जात नाही. ही कादंबरी दोन शतके टिकून राहिली याचे श्रेय तिच्या प्रणयाइतकेच या हिशेबाच्या चोखपणाला द्यावे लागेल.

येथे संस्कृत काव्यशास्त्राच्या आधारे एक भेद करणे उपयुक्त ठरेल. आपल्या परंपरेत प्रणयातील कलहाला 'मान' या नावाने प्रतिष्ठा आहे आणि विप्रलंभ शृंगारात त्याला निश्चित स्थान आहे. परंतु मान हा प्रीतीच्या उदयानंतरचा कलह होय. रति हा स्थायी भाव तेथे गृहीतच असतो. प्रस्तुत कथाप्रकारात कलह आधी येतो आणि रति त्यातून निर्माण व्हावयाची असते. नाट्यशास्त्रात भरताने शृंगारापासून हास्याची उत्पत्ती सांगितली आहे. येथे क्रम उलटा आहे; हास्यापासून शृंगाराकडे जाण्याचा हा प्रवास आहे. वैराचा रौद्राशी असलेला संबंध सुटून तो हास्याशी जुळला की मगच शृंगाराला वाट मिळते. तेव्हा विनोद हे या कथेचे बाह्य अलंकरण नव्हे. तो काढून घेतला तर कथेला पहिल्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्याचा पूलच उरत नाही.

३

ऑस्टेनने आपल्या वर्तमानाविषयी लिहिले. तिच्या जगाचा ऐतिहासिक प्रणयकादंबरीसाठी आधार घेतला तो जॉर्जेट हेयर (१९०२-१९७४) हिने. तिची पहिली कादंबरी १९२१ साली प्रसिद्ध झाली आणि १९३५ च्या 'रीजन्सी बक'पासून इंग्लंडमधील रीजन्सीचा काळ, म्हणजे १८११ ते १८२० हे दशक, तिच्या नावाशी कायमचे जोडले गेले. वेशभूषा, घोडागाड्या, जुगाराचे अड्डे, तत्कालीन बोलभाषा यांचा तिचा अभ्यास दांडगा होता. ए. एस. बायट यांच्यासारख्या चोखंदळ लेखिकेने १९६९ मध्येच तिच्या लेखनगुणांची गंभीरपणे दखल घेतली होती.

ऑस्टेनपासून हेयरपर्यंतच्या या स्थित्यंतरात एक गोष्ट मूलतः बदलली. ऑस्टेनच्या वाचक स्त्रीला एलिझाबेथच्या नकाराची किंमत ठाऊक होती, कारण ती किंमत तिला स्वतःलाही मोजावी लागली असती. विवाहानंतर स्त्रीचे कायदेशीर व्यक्तित्व पतीच्या व्यक्तित्वात विलीन होते, हा त्या काळच्या इंग्रजी कायद्याचा सिद्धांत होता. १८५७ पूर्वी पुनर्विवाहाची मोकळीक देणारा पूर्ण घटस्फोट हवा असल्यास पार्लमेंटकडून खास कायदा संमत करून घ्यावा लागे. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर खऱ्या अर्थाने हक्क मिळाला तो १८८२ च्या कायद्याने. हेयरच्या वाचक स्त्रिया या साऱ्याच्या पलीकडे उभ्या होत्या. १९२८ पासून इंग्लंडमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार होता. म्हणजे रीजन्सीतील नायिकेचा धोका या वाचक स्त्रिया सुरक्षित काठावरून पाहत होत्या. ऐतिहासिक अंतर येथे दोन कामे करते. ते नायिकेच्या बंडाला वजन देते, कारण त्या काळी तोंड वर करून बोलणेही धाडसाचे होते. आणि तेच अंतर त्या धाडसाच्या संभाव्य परिणामांचे भय नाहीसे करते. पहिल्या कामामुळे आनंदाला नैतिक गांभीर्य लाभते, तर दुसऱ्यामुळे तो हलका होतो.

या परिस्थितीत विनोद समतेची जागा घेतो. कायद्याने नायक आणि नायिका समान नाहीत, संपत्तीने बहुधा नाहीत, वयानेही अनेकदा नाहीत. संभाषणात मात्र ती दोघे समान असू शकतात. हजरजबाबीपणा ही अशी एक मालमत्ता आहे की जी वडिलांकडून वारशाने मिळत नाही आणि विवाहाने पतीकडे जात नाही. नायिका नायकाला निरुत्तर करते त्या क्षणी त्याच्या पदवीचा, जमिनीचा, पुरुषत्वाचा उपयोग संपतो. वाचकाला होणारा आनंद हा या क्षणिक समतेचा आनंद आहे. वैराची आवश्यकताही याच कारणाने आहे. आदराने बोलणाऱ्या नायकाशी नायिकेला खऱ्या अर्थाने बोलताच येत नाही. स्त्रीदाक्षिण्याच्या भाषेत स्त्री ऐकून घेणारी असते. वैरी मात्र तिचे म्हणणे खोडून काढू पाहतो, आणि एखादे म्हणणे खोडून काढण्यासाठी आधी ते ऐकावे लागते. वैर हा लक्ष देण्याचा एक प्रकार आहे. ज्या समाजात स्त्रीच्या बुद्धीकडे लक्ष देण्याची रीत नाही, तेथे तो प्रकारही मोलाचा ठरतो.

४

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. विनोदाने निर्माण केलेली ही समता निवाड्याचा मान राखते की त्यावर पडदा टाकते? हेयरच्या तीन कादंबऱ्या या दृष्टीने ताडून पाहण्यासारख्या आहेत.

'रीजन्सी बक'मध्ये ज्युडिथ टॅव्हर्नर लंडनला येत असताना रस्त्यात एक अनोळखी सरदार तिला बळेच आपल्या गाडीत उचलून घेतो आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिचे चुंबन घेतो. हाच लॉर्ड वर्थ तिचा कायदेशीर पालक असल्याचे पुढे उघड होते. ज्युडिथचा संताप रास्त आहे. कादंबरीभर ती त्याला तडफदार उत्तरे देते. परंतु तिचे पैसे, तिचा विवाह, तिच्या भावाची सुरक्षितता हे सारे त्याच्या हाती असते. शेवटी कळते ते असे की, वर्थने सारे काही तिच्या आणि तिच्या भावाच्या भल्यासाठीच केले. फक्त तिला सांगितले नाही. कटाचे रहस्य उलगडल्यामुळे ज्युडिथचा वर्थविषयीचा निवाडा चुकीचा ठरला असे वाचकाला भासते. वस्तुतः एकच निवाडा चुकीचा ठरलेला असतो, तो म्हणजे वर्थच्या अंतिम हेतूविषयीचा. पहिल्या प्रसंगातील जबरदस्तीविषयीचा तिचा निवाडा जसाच्या तसा उरतो आणि त्याला कोणी उत्तर देत नाही. जर्मेन ग्रिअर यांनी 'द फीमेल युनक' (१९७०) मध्ये प्रणयकथेच्या पुरुषप्रतिमेवर टीका करताना याच कादंबरीची निवड केली, हे सहेतुक होते. ही टीका रोखठोक असली तरी तिने नेमके मर्म पकडले आहे. अर्थात हेयरला या विषमतेची जाणीवच नव्हती असे म्हणता येणार नाही. ज्युडिथ सज्ञान होऊन पालकत्व संपेपर्यंत वर्थ तिला मागणी घालीत नाही. परंतु ही जाणीव पालकत्वाच्या मुदतीपुरती राहते, पहिल्या अपमानापर्यंत पोहोचत नाही. वाक्चातुर्याच्या झगमगाटात विसरलेला निवाडा दुरुस्त झालेल्या निवाड्यासारखा दिसतो तो येथे.

'डेव्हिल्स कब' (१९३२) मधील गुन्हा अधिक गंभीर आहे. मार्क्विस ऑफ विडाल हा उद्दाम तरुण धाकटीला रखेल म्हणून पळवून नेऊ पाहतो. तिला वाचवण्यासाठी थोरली बहीण मेरी चॅलनर तिच्या जागी जाते. आणि सूडाने पेटलेला विडाल मेरीलाच फ्रान्सला घेऊन जातो. जहाजावर मेरीला मळमळू लागते आणि कथा हास्याच्या काठावर येते. पण तेथेच राहत नाही. विडाल तिच्या अंगावर येतो तेव्हा मेरी पिस्तूल झाडते आणि त्याला जखमी करते. या प्रसंगानंतरच त्याला ती कोण आहे हे कळते. निवाडा येथे नुसता उच्चारला जात नाही, त्याची शिक्षाही होते. त्यानंतर येणारे हसू हे झालेल्या शिक्षेनंतरचे हसू आहे. मेरी पुढे त्याच्याशी विवाह करायला नकार देते तो त्याने उपकार केल्याच्या भावनेने विवाह करू नये म्हणून. अपहरणासारखी घटना प्रणयाचा प्रारंभ ठरावी याविषयीचे अस्वास्थ्य यामुळे संपत नाही. तरी कादंबरी ते अस्वास्थ्य लपवीत नाही, एवढे तिच्या बाजूने म्हणता येते.

तिसरी कादंबरी 'फॅरोज डॉटर' (१९४१). डेबोरा ग्रँथम ही आपल्या आत्याच्या जुगारघरात यजमानीण म्हणून वावरणारी तरुणी. आपला चुलतभाऊ तिच्या जाळ्यात सापडला आहे अशा समजुतीने मॅक्स रॅव्हन्सकर हा धनाढ्य गृहस्थ तिला मोठी रक्कम देऊ करतो आणि ती नाकारताच आकडा वाढवत नेतो. वस्तुतः त्या मुलाशी विवाह करण्याचा डेबोराचा मुळीच विचार नसतो. परंतु 'मी विकाऊ आहे असे तुम्हांला वाटले' हा अपमान तिला सहन होत नाही. ती मुद्दाम भडक पोशाख करून, रॅव्हन्सकरच्या मनात आपली जी प्रतिमा आहे तशीच वागून त्याला भंडावून सोडते. पुढे तर त्याला पकडवून तळघरात कोंडते. येथील विनोद निवाड्याचेच साधन बनतो. रॅव्हन्सकरने आपल्या मनातील डेबोरा पाहावी आणि तिच्याकडे पाहूनच स्वतःच्या क्षुद्रतेची लाज वाटून घ्यावी, असा तो आरसा आहे. पैशाने सारे सुटते हा त्याचा विश्वास डळमळीत होणे हा कथेचा नैतिक कणा आहे. दोघेही एकमेकांना इजा करू शकतात, दोघांकडेही स्वाभिमान आहे, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला संपूर्ण नमवू शकत नाही. शेवटचा स्वीकार म्हणूनच बरोबरीच्या प्रतिपक्षांमधील तहासारखा वाटतो.

या तुलनेतून एक निकष हाती येतो. विनोद दोन्ही दिशांनी वाहतो काय आणि दुर्बल पक्षाला उलट हसण्याचा अधिकार आहे काय, हे प्रथम पाहावे. मग हसून झाल्यावर कोणता आरोप मागे घेतला गेला, कोणता मान्य झाला आणि कोणता नुसताच हवेत विरला, हे पाहावे. डार्सीला अजून आपल्यावर हसू द्यायला शिकायचे आहे, ही एलिझाबेथच्या मनातील नोंद या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ऑस्टेनच्या शेवटच्या प्रकरणात डार्सीची धाकटी बहीण आपल्या भावाची थट्टा होताना पाहून चकित होते, आणि स्त्री इतक्या मोकळेपणाने बोलू शकते हे शिकते. विवाहानंतरही हसण्याचा अधिकार शाबूत राहिला, हीच त्या विवाहाची हमी.

मराठी वाचकाला या निकषावर 'संगीत मानापमान' (१९११) तपासून पाहता येईल. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या या नाटकात भामिनी गरीब धैर्यधराला झिडकारते आणि वनमाला म्हणून त्याच्या सहवासात येऊन त्याच्यावर अनुरक्त होते. मुख्य दुरुस्ती आहे ती भामिनीच्या दृष्टीची, आणि ती रास्तही आहे, कारण दारिद्र्याला दोष मानणारा तिचा निवाडा मुळातच अन्यायाचा होता. मात्र हसण्याचा रोख प्रामुख्याने लक्ष्मीधराकडे वळवलेला आहे. नायक-नायिकांनी एकमेकांवर हसावे याला फारसा वाव नाही. मान ही येथे एवढी जड वस्तू आहे की तिला विनोदाचा स्पर्श सोसत नाही. 'त्राटिके'त स्त्रीच्या रागाला कारण नाही, 'मानापमाना'त स्त्रीच्या रागाचे कारण चुकीचे आहे. जिचा राग बरोबर आहे आणि जी हसतेही अशी नायिका या परंपरेत विरळाच.

५

या विवेचनावर एक महत्त्वाचा आक्षेप संभवतो. प्रणयकादंबरी हा खेळ आहे आणि वाचकाला तो खेळ असल्याचे ठाऊक असते. खेळातील निवाड्यांचा एवढा काटेकोर हिशेब कशासाठी? जॅनिस रॅडवे यांनी 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) मध्ये प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या अमेरिकन गृहिणींचा जो अभ्यास केला, त्यातून असे दिसले की त्या स्त्रिया भाबड्या नव्हत्या. वाचन हा त्यांनी घरकामातून स्वतःसाठी राखून ठेवलेला वेळ होता, आणि कोणती कादंबरी चांगली, कोणती किळसवाणी, याविषयी त्यांची ठाम मते होती. तेव्हा वाचक फसतो असे धरून चालणे हे समीक्षकाच्या अहंतेचे लक्षण होय, असे म्हणता येईल.

आक्षेपाचा पहिला भाग मान्य करावा लागतो. खेळ हा खेळ म्हणूनच वाचला जातो. परंतु रॅडवे यांचाच दुसरा निष्कर्ष येथे विसरता कामा नये. नायकाचा कठोरपणा ही दडलेल्या प्रेमाची खूण आहे, असा त्याचा मागाहून अर्थ लावायला ही कथा शिकवते, असे त्यांनी दाखवले आहे. गंभीर प्रणयकथेत या पुनर्वाचनाला अडवणारे काहीच नसते. चांगल्या विनोदी प्रणयकथेचे वेगळेपण येथे आहे. विनोद कठोरपणाचा गोड अर्थ लावीत बसत नाही. तो जागच्या जागी उत्तर देतो. नायक उर्मटपणे बोलला तर नायिकेने ते मनात साठवून पुढे क्षमा करावी, अशी गरजच उरत नाही. हिशेब तेथल्या तेथे पुरा होतो. म्हणून या खेळाचे नियम तपासणे म्हणजे वाचकाला मूर्ख ठरवणे नव्हे. ज्या नियमांमुळे खेळ न्याय्य होतो त्यांच्याकडेच चोखंदळ वाचकाचे लक्ष असते. त्याचा आनंदही त्यांवर अवलंबून असतो.

आनंदाचे स्वरूप यातून स्पष्ट होते. वास्तवात निवाडा बदलणे ही कष्टाची आणि लाजिरवाणी गोष्ट असते. चूक कबूल करणारा खाली येतो, कबूल करून घेणारा वर चढतो. राग शिक्षा मागतो आणि क्षमा उपकाराचे ओझे ठेवते. दोघे आपल्याच मूर्खपणावर एकत्र हसतात तेव्हा मात्र चूक मान्य होते आणि तरीही कोणी कोणाचा ऋणी होत नाही. अपमानाविना कबुली आणि उपकाराविना क्षमा या दोन दुर्मीळ गोष्टी हा कथाप्रकार काल्पनिक रूपात का होईना, शक्य करून दाखवतो. शिवाय स्तुतीने सुरू झालेल्या प्रीतीला दोष कळण्याचे भय असते. वैराने सुरू झालेल्या प्रीतीने दोष आधीच मोजून घेतलेले असतात. आपले सर्वांत वाईट रूप ज्याने पाहिले त्यानेच आपल्याला निवडावे, ही आकांक्षा केवळ प्रणयाची नाही.

६

तथापि एक प्रश्न उरतो आणि तो 'ऐतिहासिक' या विशेषणाशी निगडित आहे. कोणती वैरे हसण्याजोगी मानावयाची, हे हा कथाप्रकार आधीच ठरवून टाकतो. हेयरच्या 'द ग्रँड सोफी' (१९५०) मध्ये सोफी आणि चार्ल्स रिव्हनहॉल यांची जुगलबंदी वर सांगितलेल्या निकषावर उत्तम उतरते. परंतु त्याच कादंबरीत गोल्डहँगर या ज्यू सावकाराचे जे चित्र येते, ते जुन्या वंशद्वेषी साच्यातून जसेच्या तसे उचललेले आहे. आणि हे लेखन यूरोपातील ज्यूंच्या संहारानंतर जेमतेम पाच वर्षांनी झालेले आहे. सोफी पिस्तूल रोखून त्याची फजिती करते, वाचकाने हसावे असे अपेक्षित असते. गोल्डहँगरला मात्र उलट हसण्याचा अधिकार नाही. चार्ल्स आणि सोफी यांच्यामधला पूर्वग्रह विनोदाने विरघळतो, त्याच पुस्तकात दुसरा पूर्वग्रह विनोदानेच घट्ट होतो. समतेचे वर्तुळ दिवाणखान्याच्या उंबरठ्याशी संपते.

मराठी वाचकाला या उंबरठ्याची जाणीव होण्यास आणखी एक कारण आहे. १८११ ते १८२० हे रीजन्सीचे दशक म्हणजे मराठी राज्याच्या अस्ताचेही दशक. १८११ मध्ये एल्फिन्स्टन पुण्यात रेसिडेंट म्हणून आला; १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली; १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण गेला. हेयरच्या 'ॲन इन्फेमस आर्मी' (१९३७) मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर वावरणारा वेलिंग्टन हा १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्लीच होय. लंडनच्या नृत्यगृहांतील झुंबरे आणि पुण्याच्या शनिवारवाड्यावरील बदलते निशाण या एकाच काळाच्या घटना आहेत. प्रणयकादंबरीला पहिले दृश्य पुरते.

ज्युलिया क्विन यांच्या 'द व्हायकाउंट हू लव्ह्ड मी' (२०००) या कादंबरीत वैरातून प्रीतीचा हाच साचा आहे. तिच्यावर आधारलेल्या 'ब्रिजर्टन' या दूरचित्रमालिकेच्या २०२२ मधील दुसऱ्या पर्वात नायिका भारतीय झाली: केट शेफील्डची केट शर्मा झाली. काळ १८१४ चा. तिची धाकटी बहीण एड्विना हिच्या गुणांची यादी सांगताना तिला मराठी आणि हिंदुस्थानी येते असाही उल्लेख होतो. मराठीचे नाव रीजन्सीच्या दिवाणखान्यात उच्चारले गेले, याचा अनेकांना आनंद झाला, आणि तो स्वाभाविकही होता. जी नायिका या दिवाणखान्यात येऊच शकली नसती ती तेथे येऊन उमरावाशी बरोबरीने भांडते, यात समतेच्या वर्तुळाचा विस्तार आहे. पण याच ठिकाणी तिसऱ्या प्रकारचे उत्तरही दबा धरून आहे. १८१४ मध्ये मराठी बोलणाऱ्या स्त्रीपाशी इंग्रज उमरावाशी वैर धरण्याची जी कारणे असू शकली असती, त्यांपैकी एकही त्या भांडणात येत नाही. अँथनी हा बहिणीला वर म्हणून योग्य आहे की नाही, एवढाच वाद. खाजगी निवाड्याची चोख फोड होते. ऐतिहासिक निवाडा मांडलाच जात नाही, म्हणून तो विसरण्याचाही प्रश्न येत नाही.

हा दोष मालिकेच्या कर्त्यांचा असे म्हणून थांबणे सोपे आहे. परंतु मर्यादा साच्याचीच आहे. वैर दोन व्यक्तींचे असेल, दोघांनाही हसता येत असेल आणि दोघांनाही चूक मान्य करता येत असेल, तरच हा साचा प्रामाणिक राहतो. दोन राष्ट्रांचे, दोन जातींचे, धनको आणि ऋणको यांचे वैर विवाहाने मिटले असे दाखवले की हसण्याला वैराचे कारण झाकून टाकावे लागते. प्रेमाने जात ओलांडली आणि प्रश्न सुटला, असे सांगणाऱ्या आपल्याकडील कथा-चित्रपटांनाही हेच लागू पडते. तेथे दोन माणसे एकमेकांना क्षमा करतात ती अशा अन्यायाबद्दल की ज्याची क्षमा करण्याचा अधिकार त्या दोघांपैकी कोणालाही दिलेला नव्हता.

७

तेव्हा वैरातून प्रीतीकडे नेणाऱ्या विनोदी कादंबरीचे आकर्षण निरागस आहे काय, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. 'फॅरोज डॉटर' वाचताना होणारा आनंद आणि 'रीजन्सी बक' वाचताना होणारा आनंद वरवर पाहता सारखेच भासतात. त्यांची नैतिक जात मात्र निराळी आहे. पहिल्यात आपण एक निवाडा बदलताना पाहतो, दुसऱ्यात तो बुजताना पाहतो. हा फरक ओळखण्यासाठी या कादंबऱ्या टाकून देण्याची आवश्यकता नाही. उलट त्या लक्षपूर्वक वाचण्याची आहे. या प्रकाराकडे उच्चभ्रू तुच्छतेने पाहणारी समीक्षा हा फरक करूच शकत नाही, कारण तिच्या लेखी या साऱ्या कादंबऱ्या एकसारख्याच असतात. आणि त्यांना सरसकट गौरवणारी समीक्षाही तो करू शकत नाही, कारण आनंद झाला एवढे तिला पुरेसे असते.

दुसऱ्याने आपल्याविषयी केलेले कठोर विधान खरे असू शकते, आणि ते खरे असूनही त्या माणसाशी नाते जोडता येते, हे शिकवणारी साधने मानवी व्यवहारात फार नाहीत. उत्तम विनोदी प्रणयकथा हे त्यांपैकी एक आहे. तिची परीक्षा शेवटच्या पानावरील मीलनाने होत नाही. पहिल्या प्रकरणात नायिका जे रागाने बोलली होती, त्यातले किती शेवटी खरे म्हणून मान्य झाले, हे मागे जाऊन पाहिले की ती होते.